पीएचडी संपवायची आहे आणि सायकलही सोडवत नाही, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पीएचडीचं चौथं वर्ष चालू आहे, दोन चॅप्टर लिहायचे राहिलेत, याच सीझनला २००-३००-४००-६०० किलोमीटरच्या चारही ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांबच्या सायकल राइड) करून पूर्ण एसआर, म्हणजे सुपर रँडोनियर, करायचं ठरवलंय, आणि गाइड म्हणतायत की थिसिस होईपर्यंत सायकल बाजूला ठेव. सायकलवर असलं की थिसिसचं टेन्शन आणि टेबलवर बसलं की सायकलचे विचार, त्यामुळे कुठेच धड लक्ष लागत नाही, तर सायकल पूर्ण बंद करावी का?

मी बरीच वर्षं रिसर्च करते, विद्यार्थ्यांना गाइड करते आणि लांबच्या राइडही करते, त्यामुळे हा प्रश्न दोन्ही बाजूंनी पाहिलाय. माझं मत आधीच सांगते. सायकल अजिबात बंद करू नका, पण या वर्षीची एसआर सोडा. हे दोन वेगळे निर्णय आहेत, आणि तुम्ही आणि तुमच्या गाइडनी मिळून ते एकच धरलेत, म्हणून तुम्हाला 'सगळं किंवा काहीच नाही' असं वाटतंय.

आधी वेळेचा हिशोब करू. २०० ला कटऑफ साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. सगळे मिळून साडेशंभर तास, तेसुद्धा प्रत्येक वेळी अगदी शेवटच्या मिनिटाला पोचलात तर. वर्षभरात साडेशंभर तास गेले म्हणून कोणाची पीएचडी अडत नाही. अडते ती त्याच्या आजूबाजूला जे सगळं येतं त्याने. शुक्रवारी दुपारपासूनच डोकं रूट, वारा, पाऊस, लाइट चार्ज केले का, स्पेअर ट्यूब घेतली का यात असतं, मग राइड, आणि मग सोमवार-मंगळवार. ४०० म्हटलं की बहुतेकांची एक रात्र जाते, ६०० ला एक तरी नीट झोपेची रात्र जाते आणि बऱ्याच जणांच्या दोन्ही अर्ध्या होतात. त्यानंतरचे दोन दिवस तुम्ही टेबलवर बसलेले दिसता, पण त्या डोक्याने ईमेल होतात, रेफरन्स नीट लावून होतात, टेबलं-ग्राफ सुधारून होतात, आणि नेमका चॅप्टर होत नाही. कारण चॅप्टर लिहिणं म्हणजे सतत निर्णय घेणं असतं, हा मुद्दा ठेवायचा की काढायचा, हा रिझल्ट दावा करण्याइतका पक्का आहे की नाही, आणि झोप कमी असली की सगळ्यात आधी हेच जातं. म्हणजे राइड शनिवारी झाली तरी तिचा खर्च सोमवार-मंगळवारच्या सकाळी होतो, आणि तो कुठल्याच हिशोबात दिसत नाही म्हणून आपल्याला वाटतं की मी तर फक्त वीकेंडलाच चालवतो.

आता थोडं अवघड बोलते. सायकल तुम्हाला का खेचते याचा नीट विचार करा. आवड आहे हे खरंच आहे, त्यावर मला शंका नाही, पण आवड तर पहिल्या वर्षीही होती, मग ओढ आत्ताच एवढी का वाढली? मी जे पाहिलंय ते असं की थिसिसच्या शेवटच्या टप्प्यात मेहनतीचं फळ दिसतच नाही. तीन आठवडे घासून ड्राफ्ट दिला की तो खुणांनी भरून परत येतो, आणि कधी कधी तर तीन आठवड्यांनी चॅप्टर आधीपेक्षा लहान झालेला असतो, आणि तीच प्रगती असते. सायकलवर ५० किलोमीटर चालवले की ते ५० च असतात, स्ट्रावा अ‍ॅपवर लागतात, कोणी ते परत पाठवत नाही. माणूस जिथे मेहनतीला लगेच होकार मिळतो तिकडे जाणारच, त्यात आळस नाही की बेजबाबदारपणाही नाही. पण हे ओळखलं नाही तर तुम्ही सायकल विकूनसुद्धा चॅप्टर होणार नाही, त्या जागी दुसरं काहीतरी येईल, वेब सिरीज येतील किंवा अचानक घर आवरण्याची हौस येईल.

यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना एक साधी गोष्ट बघायला सांगते. एखादा वीकेंड असा येतो की धो-धो पाऊस आहे किंवा सायकल सर्व्हिसिंगला टाकलीय आणि चालवणं शक्यच नाही. त्या दोन दिवसांत तुम्ही काय करता? लिहिता का? जर खरंच बसून लिहून होत असेल तर तुमचा प्रश्न वेळेचा आहे आणि तो कॅलेंडर बदलून सुटेल. पण जर ते दोन दिवस चेन साफ करण्यात, पुढच्या राइडचे रूट बघण्यात आणि चाकांचे रिव्ह्यू वाचण्यात गेले, तर प्रश्न चॅप्टरमध्ये आहे. कुठेतरी काहीतरी अडलंय, एखादं अ‍ॅनालिसिस तुम्हाला स्वतःलाच पटलेलं नाही किंवा काय म्हणायचंय तेच अजून ठरलेलं नाही, आणि त्याला हात लावायची भीती वाटतेय. ते गाइडबरोबर तासभर बसून बोलण्याने सुटतं, सायकल लॉक करून ठेवण्याने नाही.

अर्थात बरंच काही तुमच्या परिस्थितीवर आहे आणि ते मला इथून कळत नाही. फेलोशिप किंवा रजिस्ट्रेशन कधी संपतंय ही पहिली गोष्ट. ती तारीख सहा महिन्यांच्या आत असेल तर माझा सल्ला आणखी कडक होईल, वर्षापेक्षा लांब असेल तर एखादी २०० करायला माझी हरकत नाही. डेटा सगळा हातात आहे की अजून प्रयोग किंवा फील्डवर्क चालू आहे? कारण प्रयोगांच्या काळात वेळ तुमच्या हातात नसतो, तेव्हा जमेल तेव्हा थोडं थोडं चालवणं एवढंच शक्य असतं, आणि लिहिण्याच्या काळात वेळ तुमच्याच हातात असतो, आणि उलट तीच अडचण असते. नोकरी करत पीएचडी करत असाल किंवा घरी लहान मूल असेल तर राइडचा तास थिसिसमधून नाही तर घरच्यांच्या वाट्यातून येतो, ते वेगळंच गणित आहे आणि तिथे घरी बसून मोकळं बोलणं आधी येतं.

एसआर सोडायला जिवावर येतं त्यामागे एक भीती असते जी लोक बोलून दाखवत नाहीत, की इतक्या कष्टाने कमावलेला फिटनेस जाईल. ती भीती अर्धी खरी आहे. कॉयल आणि सहकाऱ्यांचा १९८४ चा अभ्यास आहे, त्यात चांगल्या ट्रेन झालेल्या लोकांना व्यायाम पूर्ण थांबवायला लावला होता, तर व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप) पहिल्या २१ दिवसांत ७ टक्के उतरलं आणि ५६ दिवसांनंतर सुमारे १६ टक्के खाली जाऊन तिथे थांबलं. म्हणजे पूर्ण बंद केलं तर लवकर उतरतं, हे बरोबर. पण कमी केलं तर काय होतं ते हिक्सन यांच्या १९८० च्या दशकातल्या प्रयोगांत आहे आणि ते तुमच्या फार कामाचं आहे. त्यात लोकांनी आधी १० आठवडे, आठवड्याचे ६ दिवस, रोज ४० मिनिटं जोरदार ट्रेनिंग केलं. मग पुढचे १५ आठवडे एका प्रयोगात दिवस कमी करून ४ किंवा २ केले, दुसऱ्यात मिनिटं कमी करून २६ किंवा १३ केली, आणि दोन्हीकडे व्हीओटू मॅक्स जवळजवळ टिकून राहिलं. तिसऱ्यात दिवस आणि मिनिटं तेवढीच ठेवून फक्त जोर कमी केला, तर मात्र ते उतरलं. तर व्यस्त काळात किलोमीटर कमी करायचे, जोर कमी करायचा नाही. आपण नेमकं उलटं करतो, वेळ नाही म्हणून आठवडाभर काही नाही आणि रविवारी अपराधी वाटून पाच तास रमत-गमत. हो, लांब पल्ला सहन करायची ताकद एवढ्या थोड्यावर तशीच राहत नाही, सॅडलवर आठ तास बसायची सवयही जाते, पण ते परत येतं.

आठवडा कसा लावायचा हे सांगते, माझ्याकडे हेच चाललंय आणि माझ्या बऱ्याच विद्यार्थ्यांकडेही. आठवड्यात दोन राइड ४०-५० मिनिटांच्या, त्यातल्या एकीत नीट वॉर्मअप करून चार-चार मिनिटांचे चार जोरदार तुकडे आणि मधे तीन मिनिटं आराम, दुसरी अगदी निवांत. बाहेर जमत नसेल तर ट्रेनरवर, म्हणजे घरात सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर. वीकेंडला एक अडीच-तीन तासांची, गप्पा मारता येतील अशा वेगाने, शक्यतो मित्रांबरोबर, कारण लिहिण्याच्या काळात माणसं भेटणंच बंद होतं आणि त्याचा परिणाम आपल्याला उशिरा कळतो. बस एवढंच, आणि या तीनही कॅलेंडरमध्ये लिहून ठेवायच्या, मीटिंग लिहितो तशा. ठरलेली राइड असली की तिच्यावर अपराधी वाटत नाही, आणि न ठरलेली राइड दहा मिनिटांची असली तरी वाटतं, हा अनुभव तुम्हालाही असेलच.

लिखाण आधी की राइड आधी? माझा नियम असा की ज्या दोन-तीन तासांत डोकं सगळ्यात चांगलं चालतं ते चॅप्टरचे, त्यांना सायकलनेही हात लावायचा नाही आणि ईमेलनेही नाही. बहुतेकांचे ते सकाळी असतात, आणि गोची अशी की रस्ताही सकाळीच रिकामा आणि गार असतो. जर तुम्ही सहा वाजता लिहूच शकत नसाल, नऊनंतरच डोकं चालू होत असेल, तर सहाची राइड खुशाल करा, पण ती निवांतवाली, जोरवाली नको, कारण जोर लावून आल्यावर शरीर छान वाटतं आणि अकराच्या सुमारास डोळे मिटायला लागतात. जोरवाली संध्याकाळी, लिखाण उरकल्यावर. आणि राइडची वेळ ठरलेली असली की लिखाणालाही शेवट मिळतो, साडेपाचला निघायचंय म्हटलं की साडेतीनचा परिच्छेद जास्त नीट लिहून होतो.

थिसिसमध्ये प्रगती दिसत नाही असं मी वर म्हटलं, त्यावर उपाय तुम्हाला ब्रेव्हेमधूनच माहीत आहे. ६०० च्या सुरुवातीला कोणी ६०० चा विचार करत नाही, पुढचा कंट्रोल (वाटेतला चेकपॉइंट) किती लांब आणि तो कधी बंद होतो एवढंच बघतो. चॅप्टरचे तसेच तुकडे करा, प्रत्येक तुकडा दोन-तीन दिवसांत होईल एवढाच, प्रत्येकाला तारीख, आणि प्रत्येक तुकडा कोणालातरी दाखवायचा, गाइडच पाहिजे असं नाही, लॅबमधला मित्र चालेल. 'डिस्कशन लिहिणे' हा तुकडा होत नाही, 'दुसऱ्या प्रयोगाचा रिझल्ट आधीच्या अभ्यासांशी का जुळत नाही याची दोन पानं' हा होतो. त्या दोन पानांवर कोणीतरी वाचलं म्हणून सही करावी असं मी सांगते, आणि ऐकायला बालिश वाटेल पण त्या सहीने खरंच फरक पडतो.

आता मोठ्या राइडबद्दल, कारण वर्षभर एकही मोठी नाही हे माझ्याच्याने होणार नाही आणि तुमच्याच्यानेही नाही. पीएचडीमध्ये हक्काच्या रिकाम्या जागा असतात आणि लोक त्या वाया घालवतात. चॅप्टर गाइडकडे दिला आणि ते दोन आठवडे वाचणार आहेत, पेपर रिव्ह्यूला गेलाय, ड्राफ्ट भाषा तपासायला दिलाय, या काळात आपण स्क्रीनसमोर बसून नुसते अस्वस्थ होतो, त्या अवस्थेत पुढचं लिखाणही होत नाही. लांबची राइड तिथे टाका. ड्राफ्ट पाठवला की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी दीडशे-दोनशे जे काय करायचंय ते करा, दोन दिवस झोपा, मग पुढचा चॅप्टर उघडा. ब्रेव्हेची तारीख दुसरा कोणीतरी ठरवतो आणि ती नेमकी तुमच्या चॅप्टरच्या तारखेवर येते, म्हणून तर मी या वर्षी एसआर नको म्हणतेय. राइडची तारीख ड्राफ्टच्या तारखेवरून ठरली पाहिजे.

बरेच सायकलवाले म्हणतात की मला तर चालवतानाच आयडिया सुचतात, म्हणजे राइड हेही कामच झालं. हे खरं आहे, पण अर्धंच सांगितलं जातं. गणितज्ञ प्वाँकारेंचा प्रसंग प्रसिद्ध आहे, सहलीला गेलेले असताना घोडागाडीच्या पायरीवर पाय ठेवला आणि अडलेल्या गणिताची किल्ली सापडली. पण त्याआधी ते पंधरा दिवस रोज टेबलवर बसून त्याच विषयाशी झगडत होते, आणि सुचल्यानंतर घरी येऊन त्यांनी ते नीट तपासून लिहून काढलं, आणि त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय की आधी आणि नंतर असं बसून काम केलेलं नसेल तर हे असलं सुचणं होत नाही. म्हणून निघायच्या आधी एका कागदावर एकच प्रश्न लिहून टेबलवर ठेवायचा, आणि परत आल्यावर, आंघोळीच्या आधी, फोनवर राइड सेव्ह करायच्याही आधी, त्याखाली दोन ओळी लिहायच्या. काही सुचलं नसेल तर नाही सुचलं असं लिहा. आणि कृपा करून गर्दीच्या रस्त्यावर विचार करू नका, तिथे डोळे आणि कान रस्त्यावरच हवेत, विचार मोकळ्या पट्ट्यावर.

दुसरं उदाहरण हमखास दिलं जातं ते आना कीझनहोफरचं. ती गणितातली पीएचडी, टोकियो ऑलिम्पिकच्या रोड रेसमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, १३७ किलोमीटरच्या शर्यतीत सुरुवातीलाच पुढे निघाली, शेवटी एकटी राहिली आणि गोल्ड घेऊन आली, तेव्हा तिच्याकडे प्रो टीमचा करारसुद्धा नव्हता, ती युनिव्हर्सिटीत रिसर्च करत होती. मला तिचं प्रचंड कौतुक आहे. पण क्रम बघा, पीएचडी २०१६ ला पूर्ण, प्रो टीमबरोबरचा सीझन २०१७ ला. आणि तिची शरीराची क्षमता आपली नाही. तिच्याकडून घेण्यासारखं हे की ती स्वतःचं ट्रेनिंग, खाणं, वेग हे सगळं स्वतः हिशोब करून ठरवत होती, दुसरे किती चालवतात हे बघून नाही. तुमच्या ग्रुपमधले लोक या सीझनला एसआर करतायत म्हणून तुम्हाला करायचीय का, हे एकदा स्वतःला विचारा.

एक व्यावहारिक गोष्ट जी गाइड लोकांना माहीत नसते आणि सायकलवाले बोलत नाहीत, ती म्हणजे हात. लांबच्या राइडमध्ये हँडलवर तळहाताचा भार राहून अल्नार नर्व्ह दाबली जाते आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, कधी कधी हे कित्येक दिवस राहतं, आणि त्या हाताने टायपिंग करून बघा. त्यात दिवसभर लॅपटॉपवर मान पुढे आणि राइडमध्येही मान वर करून पाठ वाकलेली. लिहिण्याच्या काळात हँडल थोडं वर घ्या, ग्लोव्हज चांगले घ्या, दर पंधरा मिनिटांनी हाताची जागा बदला, आणि बधिरपणा एक-दोन दिवसांत गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि सबमिशनच्या आधीचे सहा-आठ आठवडे रात्रीच्या राइड, ओल्या रस्त्यावरचे उतार आणि ग्रुपमध्ये चाकाला चाक लावून पळणं हे तिन्ही बंद. सायकलवरून पडल्यावर सगळ्यात जास्त मोडणाऱ्या हाडांत कॉलरबोन येतं, आणि ते मोडलं तर हात कित्येक आठवडे गळ्यात, त्यात थिसिस फॉरमॅट करणं कसं होईल ते सांगायला नको.

आता गाइडशी काय बोलायचं. ते सायकलला विरोध करतायत असं तुम्हाला वाटतंय, पण त्यांच्या जागेवरून बघा, त्यांच्याकडे तीन महिन्यांत तुमचं एकही पान आलेलं नाही आणि फोनवर मात्र तुमचा ३०० चा मेडलवाला फोटो आलाय. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. फोटो लपवू नका, लपवण्याने संशय वाढतो. त्यांना जाऊन सांगा की या वर्षी एसआर करत नाहीये, आठवड्याला तीन राइड ठेवतोय, आणि ही घ्या तुकड्यांची तारखांसकट यादी. मग पहिले दोन तुकडे तारखेच्या आधी द्या. त्यानंतर सायकलचा विषय ते काढणार नाहीत, आणि काढला तर कौतुकानेच काढतील, हे मी पाहिलंय.

एक अपवाद सांगते. जर तुमच्या मनात पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही फ्रान्समधली मोठी राइड असेल तर गोष्ट थोडी बदलते. १२०० किलोमीटर, ९० तास, आणि ती चार वर्षांनी एकदाच येते, आधीची २०२३ ला झाली आणि पुढची २०२७ ला आहे. तिच्यासाठी त्याच वर्षी २००-३००-४००-६०० पूर्ण करावे लागतात. तुमचं सबमिशन त्या सीझनच्या आधी बसत असेल तर आत्ताच ती तारीख समोर ठेवून थिसिस संपवा, यापेक्षा चांगली डेडलाइन मिळणार नाही. पण सबमिशन आणि ती राइड एकाच चार-पाच महिन्यांत येत असतील तर दोन्हीतलं एक सोडावं लागेल, आणि मी थिसिस ठेवीन. पुढच्या वेळी वय चार वर्षांनी वाढलेलं असेल, हे दुःख खरं आहे, पण या खेळात पन्नाशी-साठीतले लोक भरपूर आहेत, आणि रजिस्ट्रेशन संपल्यानंतर थिसिस मात्र कोणी घेत नाही.

सबमिट केल्यानंतर व्हायव्हापर्यंत (तोंडी परीक्षेपर्यंत) मधे बरेच आठवडे जातात, कधी महिनेही, तो काळ पूर्ण तुमचा आहे. फक्त सबमिशनच्या दुसऱ्याच दिवशी २०० ला उभे राहू नका. आधी आठवडाभर झोप भरून काढा, मग तीन तासांवरून चार, चारवरून पाच असं आठवड्याआठवड्याने वाढवा, सॅडलची सवय गेलेली असते आणि गुडघे सगळ्यात आधी तक्रार करतात. दीड-दोन महिन्यांत २०० आरामात होईल, आणि तेव्हा एसआरचं कॅलेंडर उघडा.